आधी झर मोजा, मग नकाशावर रेघ ओढा : गोव्याच्या चाळीस आमदारांना खुले पत्र

प्रति,
गोवा विधानसभेचे सर्व चाळीस सदस्य,
पर्वरी.

पेडणे तालुका, जून २०२५

माननीय आमदार महोदय आणि महोदया,

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी चालली होती. पेडण्याच्या बाजारातून सुके बांगडे आणि गालमो (सुकी कोळंबी) आणला. घरी येऊन पुडी सोडली तर कागदावर माझ्या गावाचे नाव. तेलकट डागातून वाचत गेले: तालुका पेडणे, गाव अमुक, सर्व्हे नंबर तमुक, सुमारे वीस हजार चौरस मीटर, सध्याचा विभाग ऑर्चर्ड (बागायत), प्रस्तावित विभाग सेटलमेंट (वस्ती). खाली हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत. वर्तमानपत्राची तारीख पाहिली, एकोणीस दिवस सुक्या मासळीखाली गेलेले होते.

त्या सर्व्हे नंबरात आमची झर आहे.

गावाचे नाव आणि नंबर मी इथे लिहीत नाही. मोपाच्या सड्याच्या (पठाराच्या) पायथ्याला असलेला कुठलाही गाव समजा. अर्ज ज्याने केला त्याच्याशी माझे भांडण नाही, कायद्याने ठेवलेल्या वाटेनेच तो गेला. माझी तक्रार त्या वाटेबद्दल, म्हणजे नगरनियोजन कायद्याच्या ३९अ कलमाबद्दल आहे आणि ती वाट विधानसभेत आखली गेली. म्हणून हे पत्र एकट्या नगरनियोजन मंत्र्यांना न लिहिता तुम्हां चाळीसहीजणांना लिहिते आहे. तुमच्यातले काहीजण ते कलम आले त्या दिवशी विरोधात बोलले असतील, तेही हे वाचोत.

मी कोण, तेही सांगते. २००७ ते २०१२ अशी एक मुदत मी गावची पंच होते. पुन्हा उभी राहिले नाही. त्या पाच वर्षांत गटारे झाली, दोन पथदीप झाले, स्मशानाची शेड झाली. पण आज मागे वळून पाहिले तर एकच काम आठवते, ते म्हणजे नकाशाचे.

तरुण वाचकांसाठी थोडे मागचे. कुठल्या जमिनीवर काय करता येईल हे ठरवणारा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ २००६ साली अधिसूचित झाला. त्यात डोंगर आणि शेते बांधकामाला कशी खुली केली होती हे लोकांच्या लक्षात आले, गोवाभर सभा झाल्या, आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो रद्द करावा लागला. मग वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्यासारखी माणसे घेऊन कृती दल नेमले. त्यांनी २०२१ सालापर्यंतचा आराखडा करायला घेतला आणि एक गोष्ट अशी केली जी त्याआधी कुणी केली नव्हती. मसुद्याचे नकाशे गावोगाव पाठवले आणि विचारले, यात काय चुकले आहे ते सांगा.

आमच्या पंचायतीचे सभागृह गळत होते म्हणून प्राथमिक शाळेच्या वर्गात दोन बाके जोडून नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर पाटीचे दगड. त्या नकाशात देवळाची तळी रस्त्याच्या पलीकडे दाखवली होती आणि जिथे कुणी राहत नाही ती शेणवड चक्क वस्ती म्हणून रंगवली होती. गावचे एक वयस्क गावकार होते. त्यांना अक्षरओळख बेताची. त्यांनी नकाशा न्हंयच्या बाजूने फिरवून घेतला, नदी नदीच्या दिशेला आणली, आणि मग बोट ठेवत गेले. हा व्हाळ (ओढा). हे वायंगण (उन्हाळी भाताचे शेत). इथे पावसाळ्यात पाणी दोन दिवस थांबते, इथे घर बांधू नये. झरींची पाळी आली तेव्हा पुरुषांनी सहा सांगितल्या. मागे भिंतीला टेकून बसलेल्या बायकांनी आणखी तीन सांगितल्या. कपडे धुवायला, गुरांच्या मागे, भिरंडे (कोकमे) वेचायला त्याच जायच्या. नऊ ठिकाणी लाल बॉलपेनाने गोल काढले. तो नकाशा वर गेला, त्याची एक प्रत माझ्याकडे राहिली.

२०११ मध्ये आराखडा अधिसूचित झाला. आमच्या नऊ गोलांपैकी किती त्यात उतरले ते विचारू नका. पण डोंगराची ती उतरण ऑर्चर्ड राहिली, काजूची राहिली, आम्हाला तेवढ्याने समाधान होते.

पुढचे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. २०१२ मध्ये सरकार बदलले आणि आराखडा स्थगित ठेवला. २०१८ मध्ये तो टप्प्याटप्प्याने पुन्हा लागू करायला घेतला आणि त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात १६ब कलम आणून त्याला फट पाडली. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. २०२३ मध्ये १७(२) आले, आराखड्यातल्या ‘नजरचुकीच्या त्रुटी’ दुरुस्त करण्यासाठी. अर्जागणिक एवढ्या नजरचुका सापडू लागल्या की आम्हाला वाटले, नकाशा काढणाऱ्यांना चष्मेच नव्हते. यंदाच्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. पण तोवर २०२४ मध्ये ३९अ येऊन बसले होते. आता चूक होती असे म्हणण्याचीही गरज उरली नाही. अर्ज करा, विभाग बदलून मागा, तीस दिवस थांबा.

आणि या सगळ्याच्या मुळाशी जो आराखडा आहे त्याचे नावच २०२१ आहे. ते साल जाऊन चार वर्षे होत आली. गेल्या वर्षाचे कालनिर्णय भिंतीवर ठेवून कुणी एकादशी धरत नाही. आपण मात्र त्या जुन्या नकाशावर राज्य चालवतो, आणि नवा करण्याऐवजी जुन्याला एकेका सर्व्हे नंबराचे ठिगळ लावतो. रस्ता, विमानतळ, जलवाहिनी, वीजवाहिनी या चार गोष्टी चार खाती चार वेळा ठरवतात. त्या एकमेकींना कुठे भेटतात ते आमच्या गावात येऊन कळते.

कुणी म्हणेल, बाईंना विकास नको. आमच्या आईने पेडण्याहून म्हापशाला जायला कोलवाळची फेरी धरलेली माणसे पाहिली आहेत. ते दिवस मला परत नको आहेत. माझी पुतणी मोपा विमानतळावर नोकरीला आहे, तिच्या पगारावर तिच्या घराचे छप्पर बदलले. मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या) मुलाला शंभर मीटर जागेत घर बांधायचे असेल तर त्याला सेटलमेंट मिळालेच पाहिजे. असे अर्ज घेऊन वर्षानुवर्षे हेलपाटे घालणारी माणसे माझ्या वाड्यावर आहेत. गंमत अशी की त्यांचा अर्ज अडतो आणि वीस हजार मीटरचा सरकतो.

आता तक्रारी सांगते. सगळ्यांत मोठी पाण्याची.

आमचा सडा उन्हाळ्यात पाहिला तर उजाड, काळा, चिऱ्याचा कातळ दिसतो. कागदोपत्री त्याला ‘पडीक’ म्हणतात. पण जांभा दगड आतून जाळीदार असतो. चार महिने पडलेला पाऊस तो पितो, खाली चिकण मातीचा थर लागला की पाणी आडवे सरकते आणि पायथ्याशी जिथे उतरण कापली जाते तिथे झर होऊन बाहेर येते. त्या झरीवर कुळागर (पोफळीची बाग), त्याच्याखाली वायंगण, त्याच्याखाली व्हाळ आणि शेवटी न्हंय. सडा ही आमची टाकी आहे, तिला झाकण घालायचे नसते. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एका हेक्टरवर तीन कोटी लिटर. त्या वर्तमानपत्राच्या कागदावरचा तुकडा दोन हेक्टरांचा, म्हणजे सहा कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सहा हजार टँकर. सगळे काही मुरत नाही, बरेच वाहून जाते, हे मान्य. पण त्यातला पाचवा हिस्सा जरी मुरत असेल तर बाराशे टँकर झाले. तिथे काँक्रीट घालण्याची परवानगी देताना हा हिशेब कुणी केला? कुठल्या कागदावर?

नोटीस सापडल्यानंतरच्या रविवारी मी आणि कॉलेजात शिकणारी दोन मुले जुना नकाशा घेऊन डोंगर चढलो. पाऊस यंदा मे संपायच्या आतच आला, आम्ही त्याच्या आधी जाऊन आलो हे बरे झाले. नऊपैकी पाच झरी वाहत होत्या. दोनांचे पाणी ओंजळ भरायला मिनिटभर घेत होते. एक कोरडी होती, तिच्या तोंडाशी पानांचा थर आणि साळिंदराचे काटे. नववीची जागाच सापडली नाही. तिथून आता मातीचा रस्ता जातो.

विमानतळामुळे त्या आटल्या असे मी म्हणत नाही. चिरेखाणींमुळे असेल, बोअरवेलमुळे असेल, झाडतोडीमुळे असेल. मोजलेच नाही तर म्हणणार कशाच्या आधारावर? मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोपाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली होती ती परिसराची माहिती अपुरी दिली म्हणून. जानेवारी २०२० मध्ये अटी घालून स्थगिती उठवली आणि देखरेखीचे काम नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे दिले. विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. पहिल्याच टप्प्याची क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवासी, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या सगळ्या गोव्याच्या तिप्पट माणसे. ती उतरणार, राहणार, आंघोळ करणार. त्यांच्यासाठी पाणी कुठल्या धरणाचे, कुठल्या जलवाहिनीचे, आणि ते कुणाच्या वाट्यातून, हे धावपट्टीच्या आधी एका कागदावर लिहायला हवे होते.

ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हर घर जल’ प्रमाणपत्र मिळवणारे देशातले पहिले राज्य म्हणून आपले कौतुक झाले. नळ खरेच घरोघर आहे, मी खोटे बोलणार नाही. तो पहाटे साडेचारला येतो आणि पाचला जातो. तिळारी धरणाचा कालवा कुठे फुटला की तोही येत नाही. चांदेलचा जलशुद्धीकरण प्रकल्प दिवसाला दीड कोटी लिटरचा. आमच्या तालुक्याची लोकसंख्या २०११ मध्ये पाऊण लाख होती. माणशी १३५ लिटर धरले तरी एक कोटीच्या आसपास होते. म्हणजे कागदावर पाणी उरते! ते उरलेले पाणी किनाऱ्यावरच्या हॉटेलात जाते, गळतीत जाते की बांधकामात, हा हिशेब आम्हाला एकदा दाखवा. नवे प्रकल्प, नव्या वाहिन्या होत आहेत हे ऐकते. त्या येण्याआधी त्यांच्या जोरावर किती परवानग्या देऊन झाल्या आहेत, तेही सांगा.

म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या लवादापुढे आपल्या राज्याने थेंबाथेंबाचा हिशेब मांडला. ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात गोव्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ असे आकडे आले, तेव्हा १३.४२ हा आकडा ऐकून आम्ही सगळे खवळलो. बरोबरच होते. शेजाऱ्याने पाणी वळवले तर खोऱ्याचे काय होईल हे आपले वकील दिल्लीत आकडे मांडून सांगत होते. तेच सरकार घरच्या डोंगरावर परवानगी देताना आकडा का मागत नाही?

दुसरी तक्रार रस्त्यांची. रस्ता आला की आजूबाजूची जमीन आपोआप भाव खाते, मग तिचा विभाग बदलतो, मग तिथल्या माणसांसाठी पाणी आणि वीज शोधली जाते, आणि शेवटी तोच रस्ता अपुरा पडतो. धारगळहून मोपाला जाणारा जोडरस्ता पाहा. त्याच्या दोन्ही अंगांना ज्या जमिनीला तिळारीचे पाणी देऊन दुबार शेती करायची म्हणून कालवे खणले, आमच्या लोकांच्या जमिनी घेऊन खणले, त्याच लाभक्षेत्रातली जमीन वगळून देण्याची भाषा होते. एका खात्याने शेतीसाठी पाणी आणले, दुसऱ्याने शेतीच काढून घेतली.

२०२४ च्या पावसात मालप्यात राष्ट्रीय महामार्गाची संरक्षक भिंत कोसळली. त्याच जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी भरून कोकण रेल्वे थांबली. २०२० च्या ऑगस्टमध्येही त्या बोगद्याचा भाग कोसळला होता. दोन्हींची तांत्रिक कारणे अभियंत्यांनी पाहावीत, मला त्यातले कळत नाही. मला एवढे कळते की डोंगर तोच आहे, पाणी तेच आहे, आणि महामार्ग, रेल्वे व नगरनियोजन या तिघांनी त्या डोंगराकडे एकत्र बसून कधी पाहिलेले नाही.

माझ्या पुतणीची पाळी रात्री अकराला सुटते. आमच्या गावाकडे येणारी शेवटची बस त्याच्या कितीतरी आधी गेलेली असते. म्हणून माझा भाऊ, वय बासष्ट, रोज रात्री स्कूटर काढतो. सहा पदरी रस्ता आहे, उजेड आहे, बस नाही. मग घरटी दोन दुचाक्या आणि एक चारचाकी झाली की पुन्हा रस्ता रुंद करायचा.

तिसरी तक्रार नोटिशीची. मी हरकत मराठीत लिहिली, बावीस जणांच्या सह्या घेतल्या, १९८७ चा राजभाषा कायदा मराठीलाही सरकारी कामात जागा देतो म्हणून. संबंधित कार्यालयात ती घेतली, शिक्का मारून पोच दिली. खिडकीतल्या मुलीने आपुलकीने सांगितले, “काकी, इंग्लिशीत दिली असती तर बरे झाले असते, वर कोण वाचणार.” तिचा दोष नाही, ती खरे बोलली. सुनावणी कधी, कुणापुढे, आमच्या हरकतीचे काय झाले हे आम्हाला कोण कळवणार, याचे उत्तर तिच्याकडे नव्हते. पंचायतीच्या फलकावर नोटीस नव्हती. सरपंचांना ठाऊक नव्हते. ग्रामसभेपुढे विषय यायचा प्रश्नच नव्हता. २००८ साली ज्या गावाला बोलावून विचारले होते, यात काय चुकले ते सांगा, त्याच गावाने आता सुक्या मासळीच्या कागदावर आपले भविष्य शोधायचे.

विजेबद्दल लिहायला बसले तर आणखी चार पाने होतील. गोव्याची जवळजवळ सगळी वीज बाहेरून येते, आणि आमच्या वाड्याचा ट्रान्सफॉर्मर जुनाच आहे. त्यावर नव्या बंगल्यांचे एसी लागले की आमच्या घरातला पंखा दमेकऱ्यासारखा चालतो. कचऱ्याचेही तेच. एवढ्यावर सोडते.

पण एक गोष्ट सोडवत नाही. प्रादेशिक नियोजन, शाश्वत पायाभूत सुविधा हे शब्द आपण परदेशी सल्लागारांच्या अहवालातून शिकल्यासारखे वापरतो. माझे माहेर शापोरा नदीकाठचे, खाजनांच्या कडेचे. खाजन म्हणजे काय याचा विचार करा. भरतीच्या खाऱ्या पाण्यातून काढलेली जमीन, तिच्याभोवती चिखलाचा आणि चिऱ्यांचा बांध, बांधात लाकडी दाराची मानस. भरती आली की दार पाण्याच्याच दाबाने बंद होते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडते. ना मोटर, ना वीज. पावसाळ्यात भात, नंतर मासळी. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव व्हायचा आणि बांधाच्या दुरुस्तीला त्यातून पैसा लागायचा. म्हणजे बांधतानाच देखभालीचा खर्च कुठून यायचा ते ठरलेले होते. दार कुणी, कधी उघडायचे, बांध फुटला तर कुणी किती माती टाकायची, सगळे ठरलेले. बांध एका गावाचा, पाणी चार गावांचे, म्हणून एकाने मनाला येईल तसे दार उघडायचे नाही, हा पहिला नियम. (आता काही ठिकाणी मासळीच्या लोभाने खारे पाणी मुद्दाम आत घेतात आणि शेते नापीक होतात, हेही खरे. नियम मोडायला आमचीच माणसे शिकली.) पंचतारांकित शब्द न वापरता आमच्या वाडवडिलांनी केलेले ते प्रादेशिक नियोजनच होते. ३९अ म्हणजे ज्याला हवे त्याने, हवे तेव्हा मानशीचे दार उघडण्याची मुभा.

आता मागण्या. साध्या आहेत, वाचताना तुम्हाला त्या आधीच ठाऊक असल्यासारख्या वाटतील.

१. नवा प्रादेशिक आराखडा करायला घ्या, आणि तो होईपर्यंत ३९अ खालचे विभागबदल थांबवा. गावातल्या माणसाच्या राहत्या घराचा, मुंडकारी घराच्या वाढीचा अर्ज यातून वगळा, त्याला वेगळी आणि लवकरची वाट द्या.

२. नवा आराखडा तालुक्याच्या हद्दीवर न करता आधी पाणलोटावर करा. कळणा, शापोरा, तेरेखोल, म्हादई, झुआरी, साळ आणि दक्षिणेच्या नद्या. प्रत्येक खोऱ्यात पाणी किती, त्यावर माणसे किती राहू शकतात, त्यातले किती पाणी आधीच बोलून ठेवले आहे, हे पहिल्या पानावर लिहा. रंगीत नकाशे त्यानंतर.

३. प्रत्येक गावाच्या झरी, तळी, व्हाळ, खाजनबांध यांची नोंद ग्रामसभेकडून करून घ्या आणि एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्यावर तिचा शेरा येऊ द्या. उताऱ्यावर कुळाचे नाव येते तसे झरीचेही येऊ शकते. आमच्या गावाची नोंद तयार आहे, नऊ गोलांची. उद्या सकाळी घेऊन येते.

४. विभागबदलाची कुठलीही नोटीस मराठी आणि कोकणीत पंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे, ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली पाहिजे, आणि तीस दिवस त्या वाचनापासून मोजले पाहिजेत. हरकतीला लेखी, कारणासह उत्तर.

५. मोठा प्रकल्प मंजूर करताना एक पान भरून घ्या: पाणी कुठून, वीज कुठून, कचरा कुठे, मैला कुठे, कामगार येणार कसे, देखभालीचा पैसा तीस वर्षे कोण देणार. एकच पान. सही करणाऱ्याचे नाव ठळक असू द्या.

६. घटनेच्या २४३ झेडडी कलमाने जिल्हा नियोजन समिती सांगितली आहे. पंचायती आणि पालिका यांच्या योजना एकत्र करायच्या, जमिनीच्या वापराचे नियोजन, पाण्याची आणि नैसर्गिक साधनांची वाटणी, पायाभूत सुविधांचा एकत्रित विकास आणि पर्यावरण यांचा विचार एका टेबलावर करायचा, हे तिचे काम. ते टेबल मांडा. महामार्ग, रेल्वे, वीज, पाणी, नगरनियोजन या पाचांना वर्षातून दोनदा त्याच्याभोवती बसवा, आणि बैठक लोकांना उघडी ठेवा. मागे भिंतीला टेकून बसायला आम्हाला चालते.

७. विमानतळाच्या पाळ्या सुटतात त्या वेळेला पेडण्याच्या गावांकडे जाणारी बस.

सातवी मागणी वरच्या सहांच्या शेजारी लहान दिसते, पण तिला पैसा सगळ्यांत कमी लागतो आणि ती पुढच्या सोमवारपासून पुरी करता येईल. सुरुवात तिथून केलीत तरी माझा भाऊ दुवा देईल.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील हा कायदा आमच्या सरकारने केला नाही. उरलेले म्हणतील २००६ चा आराखडा कुणी आणला ते आठवा. दोघांचेही बरोबर आहे. गेल्या वीस वर्षांत दोन्ही बाजूंच्या बाकांवर बसलेल्यांनी आराखडा आणला, मोडला, टांगला, फाडला, शिवला. म्हणूनच पत्र चाळीसांच्या नावे आहे. पावसाळी अधिवेशनात यातल्या एकाने जरी प्रश्न विचारला, ‘३९अ खाली आजवर किती जमिनीचा विभाग बदलला आणि त्यांतल्या किती ठिकाणी पाण्याची उपलब्धता तपासली’, तर लेखी उत्तर सभागृहापुढे येईल आणि ते आम्हाला वाचता येईल.

आमची पुढची ग्रामसभा रविवारी सकाळी साडेदहाला आहे. तारीख आणि गाव ज्यांना हवे त्यांनी पेडण्याच्या बाजारात विचारावे, कुणीही सांगेल. २००८ च्या नकाशाची प्रत घडीवर फाटली होती, तिला मागून कापडाची पट्टी लावून घेतली आहे. ती भिंतीवर टांगलेली असेल. झरीपर्यंत यायचे तर वीस मिनिटांची चढण आहे. या दिवसांत वाटेवर शेवाळ असते, काठी आमच्याकडे मिळेल.

आपली,
एक माजी पंच